राय-गवत, हरळी आणि जुन्नर-आंबेगावची कुरणे

'राय-गवत' हे नाव मुळात इंग्रजीतील एका लोकव्युत्पत्तीचे अपत्य होय. गव्हात उगवणाऱ्या एका विषारी तणाला इंग्रजीत पूर्वी 'रे' म्हणत. त्याच्याच गणातील चाऱ्याच्या गवतास त्यावरून 'रे-ग्रास' हे नाव पडले. पुढे 'रे' हा शब्द व्यवहारातून गेला आणि लोकांनी त्या जागी आपल्या ओळखीचे 'राय' हे धान्य आणून बसविले. मराठीत येताच गोंधळात आणखी भर पडते. आपल्याकडे 'राई' म्हणजे मोहरी, आणि 'देवराई', 'आमराई' यांतील राई आणखी निराळी.

नावाप्रमाणेच ह्या गवताचा स्वभावही थंड देशातला आहे. त्याची बहुवर्षायू जात १८ ते २० अंश सेल्सिअसच्या सुमारास सर्वांत जोमाने वाढते. तिला सकस, ओलावा धरणारी पण पाणी न तुंबणारी जमीन मानवते. नत्र दिले की ती चटकन प्रतिसाद देते. ब्रिटन, आयर्लंड व न्यूझीलंड येथील दुधाचा धंदा बहुतांशी तिच्यावर उभा आहे. परंतु पारा ३० अंशांपलीकडे गेला की तिची वाढ खुंटते, आणि जुन्नर-आंबेगावात चैत्र-वैशाखाचे ऊन त्याहून पुष्कळच कडक असते. पावसाचीही तीच तऱ्हा. भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, पूर्वेकडील गावांना त्याचा चौथा हिस्साही क्वचितच लाभतो. आणि दोन्हीकडे तो चार महिन्यांतच आटोपतो.

उरतो तो केवळ हिवाळा. कुकडी, मीना व घोड यांच्या कालव्यांखालील जमिनीत एकवर्षायू, म्हणजे इटालियन, जात नोव्हेंबरात पेरून उन्हाळा लागेपर्यंत तिच्या काही कापण्या घेणे शक्य आहे. मात्र तेथे लसूणघास, मका व हत्तीगवत यांनी आधीच ठाण मांडले आहे. शिवाय बहुवर्षायू जातीला फुलोऱ्यासाठी लांबलेल्या थंडीची गरज असते. म्हणून तिचे घरचे बी धरण्याची आशा येथे व्यर्थ होय.

ह्या भूमीचे खरे गवत हरळी. संस्कृत 'हरिताली', प्राकृत 'हरिआली' अशा वाटेने हा शब्द मराठीत आला. शेतात ती हाडवैरीण: कुळवाने तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नवे रोप उठते, आणि ती काढायची तर जमीन खोल खणावी लागते. तीच अंगणात हिरवळ होते, आणि तीच दूर्वा होऊन लेण्याद्रीच्या व ओझरच्या गणपतीला वाहिली जाते. एकाच वनस्पतीला तण, शोभा आणि पूजाद्रव्य अशा तीन पदव्या क्वचितच मिळतात. हिरवळीसाठी ह्या दोन तालुक्यांत हरळीचीच लावण करणे शहाणपणाचे. फक्त तिला सावली सोसत नाही. थंडीत ती फिकी पडते, तेव्हा तिच्यावर राय-गवताचे बी फेकून दोन-तीन महिन्यांची हिरवाई मिळविता येते. ('लॉन्स' ह्या अनेकवचनाचा अर्थ आता आपल्याकडे लग्नाचे मैदान असा झाला आहे, ही गोष्ट वेगळी.)

हरळी टिकते आणि राय-गवत कोमेजते, याचे कारण पानाच्या आत आहे. राय-गवतात हवेतील कर्बवायूपासून प्रथम तीन कर्बाणूंचा पदार्थ बनतो, हरळी व मारवेल यांत चार कर्बाणूंचा. ह्या दुसऱ्या रीतीत कर्बवायू पानातील ठराविक पेशींत एकवटला जातो. त्यामुळे कडक उन्हातही अन्न तयार होण्याचे काम अडत नाही, आणि पाणीही कमी खर्च होते.

चराईच्या रानाचा प्रश्न मात्र केवळ जात निवडून सुटणारा नाही. दख्खनच्या माळावरील मूळ आच्छादन मारवेल, पवन्या, शेडा अशा सकस गवतांचे. बेसुमार चराई झाली की ही गवते बी धरण्यापूर्वीच संपतात आणि कुसळी माजते. तीही खुरटली की अगदी निकस, अल्पायुषी गवते उरतात. कुसळी कोवळेपणी गुरे खातात. पण कुसळे धरल्यावर ती मेंढ्यांच्या लोकरीत शिरून कातडीला टोचतात. म्हणून कापणी फुलोऱ्याच्या सुमारास व्हावी. उशीर झाला की गवताचा कस उतरतो आणि हाती काडीच राहते. माळाचा एक भाग पाळीपाळीने बंद ठेवला, तर उरलेल्या ठोंबांना बी टाकण्यास अवसर मिळतो आणि मारवेल परत येऊ लागते. जेथे ठोंबच उरले नाहीत, तेथे पावसाच्या तोंडाशी मारवेलीचे ठोंब लावावे लागतात.

येथे नावांची अडचण पुन्हा उभी राहते. 'पवन्या' हे नाव एकाहून अधिक गवतांस लावले जाते, आणि तेच गवत दुसऱ्या गावी दुसऱ्या नावाने ओळखले जाते. हा भेद गुराख्याला नजरेने कळत असे. आता संकरित गाय गोठ्यात बांधलेली असते. तिच्यापुढे येते ती विकतची वैरण, आणि तिला एकच नाव पुरते: 'चारा'. 'चराऊ कुरण' हा शब्दप्रयोगही आता गवतापेक्षा सरकारी तिजोरीविषयीच अधिक कानी पडतो. नारायणगावानजीक मात्र कुरण नावाचे एक गावच आहे.