मेस्त्रीचा प्रामाणिकपणा आणि गिऱ्हाइकाचा विश्वास

‘मेस्त्री, खरं सांगा, एवढं करायलाच हवं का?’ गाडीदुरुस्तीच्या कोणत्याही गॅरेजात तासभर उभे राहा, हा प्रश्न कानी पडल्यावाचून राहणार नाही. विचारणाऱ्याच्या स्वरात संशय असतो आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर त्रासिकपणा. आमचे उभे आयुष्य गॅरेजातील कामगारांत गेले आणि त्यांच्या वतीने मालकांशी आम्ही पुष्कळ भांडलो. तरीही आज त्यांचे वकीलपत्र घेऊन आम्ही आलेलो नाही. या धंद्यात लबाडी होते, हे आरंभीच मान्य करतो. ती का होते आणि कशाने थांबेल, एवढेच आपल्याला समजून घ्यायचे आहे.

प्रथम या धंद्याचे वेगळेपण पाहू. आंबा आंबट निघाला तर तो खाताना कळते आणि पुन्हा आपण त्या आंबेवाल्याकडे जात नाही. दुरुस्तीचे तसे नाही. ब्रेकचे लायनर झिजले असे सांगून मेस्त्रीने ते बदलले आणि गाडी नीट थांबू लागली. पण जुने लायनर आणखी काही महिने चालले असते की नाही, हे गिऱ्हाइकाला पैसे मोजण्यापूर्वी कळत नाही आणि मोजल्यानंतरही कळत नाही. रोग ठरवणारा तोच आणि औषध विकणाराही तोच. डार्बी आणि कर्नी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली नेमक्या याच कोड्याचा विचार मांडला. असा माल निव्वळ विश्वासावर विकला जातो, आणि म्हणूनच तेथे फसवणुकीला जागा राहते, असे त्यांचे सांगणे.

आता एक घरची गोष्ट. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आम्ही एका गॅरेजात हेल्पर होतो. एके सकाळी एक शिक्षक बंद पडलेली स्कूटर ढकलत आले. आमच्या मेस्त्रींनी प्लग काढून त्यावरची काजळी घासली, कार्बोरेटरचा जेट फुंकून साफ केला, आणि दुसऱ्या किकला स्कूटर सुरू झाली. शेठनी मात्र बिलात नवा प्लग आणि नवे पॉइंट लावले. शिक्षकांनी जुने भाग मागितले. शेठनी आमच्याकडे नुसते पाहिले. आम्ही भंगाराच्या डब्यातून दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचा प्लग आणि पॉइंट काढले, वर्तमानपत्रात गुंडाळले आणि त्यांच्या हाती दिले. ‘पोरगा कामसू आहे,’ असे म्हणून त्यांनी आमच्या हातावर एक रुपया ठेवला. तो आम्ही घेतला.

संध्याकाळी हात धुताना आम्ही मेस्त्रींना विचारले, हे असे का? ते म्हणाले, ‘अरे, खरं बिल केलं असतं तर गुरुजी म्हणाले असते, काही घातलं नाही, नुसती फुंकर मारली, तिचे पैसे कसले? लोक पार्टाचे पैसे देतात. डोक्याचे देत नाहीत.’

हे काही लबाडीचे समर्थन नव्हे. पण या उत्तरात धंद्याचे वर्म आहे. गिऱ्हाईक मजुरीसाठी घासाघीस करते आणि सुट्या भागाची छापील किंमत निमूटपणे देते. मग बिघाड ओळखण्याचे मोल सुट्या भागाच्या किमतीत लपवले जाते. भाग विकणारा दुकानदार मेस्त्रीला त्यातून कमिशन देतो. म्हणजे जो मेस्त्री भाग न बदलता काम भागवतो, तो आपल्याच पोटावर पाय देतो!

ही गोष्ट केवळ लहान गॅरेजांची नाही. सिअर्स ही अमेरिकेतील नावाजलेली दुकानदार कंपनी, आणि मोटारदुरुस्तीची केंद्रेही ती चालवीत असे. उत्पन्न घटू लागले तेव्हा, १९९० च्या सुमारास, कंपनीने गाड्या स्वीकारणाऱ्या नोकरांना प्रत्येक पाळीत अमुक इतक्या स्प्रिंगा, इतकी ब्रेकची कामे खपवा, असे आकडे ठरवून दिले. विक्रीवर कमिशन ठेवले. आकडा न गाठणाऱ्याचे कामाचे तास कमी होण्याची धास्ती होती. कॅलिफोर्नियाच्या मोटारदुरुस्ती खात्याने आपली माणसे गिऱ्हाईक म्हणून पाठवली, आणि १९९२ साली गरज नसलेली कामे गळ्यात मारल्याचा आरोप कंपनीवर ठेवला. त्याच वर्षी कंपनीने ती कमिशनची पद्धत बंद केली. एवढ्या नोकरांची नीती एका रात्रीत बिघडत नसते. बिघडली होती ती मोबदला देण्याची रीत.

आपल्याकडेही आज अनेक मोठ्या सर्व्हिस सेंटरांत ‘टार्गेट’ नावाने हाच प्रकार चालतो. दुसरीकडे, लहान गॅरेजवाल्यांना सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळू न दिल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. पुढे प्रकरण अपिलात गेले. पण गिऱ्हाइकाला दुसऱ्या मेस्त्रीचे मत घेण्याची सोय उरली नाही, तर विश्वासाची सक्ती होते, हे त्यातून स्पष्ट झाले.

मग उपाय काय? कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्याने कामापूर्वी लेखी अंदाजपत्रक देणे आणि मागितल्यास जुने भाग परत करणे बंधनकारक झाले. ही शिस्त आपण कायद्याची वाट न पाहता पाळू शकतो. खर्चाचा अंदाज लिहून घ्या. वाढीव काम निघाल्यास आधी विचारण्यास सांगा. जुना भाग गाडीतून निघतानाच पाहा. नंतर डब्यातून कोणता येईल ते आम्ही सांगितलेच आहे. बिलात मजुरी आणि भाग वेगळे मांडून घ्या. बिलच न देणे ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि तिच्याविरुद्ध जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

मालकांकडे आमचे मागणे जुनेच आहे. कामगाराला पुरेसा ठरीव पगार द्या. त्याची भाकरी विकलेल्या भागांवर टांगू नका. आणि कामगार बंधूंना सांगणे हे, की संघटनेने पगार वाढवून घेता येतो, पण गेलेली पत कोणत्याही करारात परत मिळत नाही.

श्रोतेहो, शेवटची विनंती तुम्हांला. उद्या एखादा मेस्त्री गाडी तपासून म्हणाला, ‘काही बदलायला नको, तार सैल होती, बसवून दिली,’ तर ‘मग पैसे कसले?’ असे विचारू नका. त्याची मजुरी विचारा आणि आनंदाने द्या. त्याने तुमचे हजार रुपये वाचवले आहेत. ते शिक्षक पुन्हा आम्हांला भेटले नाहीत. त्यांचा तो एक रुपया आमच्याकडून अजून फिटायचा आहे.