‘लक्ष कुठे होतं?’ : जुन्नर-आंबेगाव परिसरातील बालसंगोपन आणि मातांची भावस्थिती

प्रस्तावना

जुन्नर तालुक्यातील शिवनेरी किल्ल्यावर इ. स. १६३० मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांचा जन्म झाला. दरवर्षी १९ फेब्रुवारीला गडावर पाळणा होतो आणि जिजाऊंच्या मातृत्वाचा गौरव केला जातो. हा गौरव सर्वस्वी यथार्थ आहे. मात्र मूल घडविणे हे एकट्या मातेचे कर्तृत्व होय, असा एक समजही त्यातून समाजमनात नकळत रुजत जातो. त्या समजाची दुसरी बाजू अशी की मुलाचे काही बरेवाईट झाले, तर तो दोषही एकट्या मातेच्या पदरी पडतो. मूल विहिरीच्या काठाशी गेले, चुलीजवळ भाजले, तापाने फणफणले किंवा सांजवेळी अंगणातून दिसेनासे झाले, की घरातून आणि शेजारातून पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो, ‘लक्ष कुठे होतं?’

प्रस्तुत लेखात जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. सहा वर्षांखालील मुलांच्या संगोपनातील दैनंदिन अडचणी कोणत्या, त्यांतून मातांच्या मनात कोणत्या भावना निर्माण होतात आणि त्यांचा तेथील शेती, पाणी व श्रमव्यवस्थेशी कोणता संबंध आहे, हे स्पष्ट करणे हा लेखाचा हेतू आहे.

परिसराचे दुहेरी स्वरूप

या दोन्ही तालुक्यांचे पश्चिम व पूर्व असे दोन ठळक भाग पडतात. पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा, अतिपावसाचा प्रदेश, भातखाचरे आणि महादेव कोळी, ठाकर, कातकरी या आदिवासी समाजांची वस्ती आहे. यांतील काही गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात व आदिवासी विकास विभागाचे प्रकल्प कार्यालय घोडेगाव येथे आहे. पूर्वेला नारायणगाव, ओतूर, बेल्हे, मंचर, पारगाव हा बागायती पट्टा आहे. कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे व पिंपळगाव जोगे या धरणांमुळे या पट्ट्याचे रूप पालटले. बाजरी-मटकीच्या जागी ऊस, द्राक्ष, टोमॅटो व कांदा आला. जुन्नरमध्ये विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले.

या परिवर्तनाने सुबत्ता आणली, हे नाकारता येत नाही. तथापि नवी पिके जिरायती पिकांपेक्षा अधिक हातांची मागणी करतात आणि तीही वर्षभर. कांद्याची लागवड, द्राक्षाची विरळणी, टोमॅटोची तोडणी ही कामे प्रामुख्याने स्त्रियांच्या हातून होतात. पाणी वाढले तशी स्त्रीची शेतातील हजेरी वाढली. घरातील तान्ह्या मुलाची गरज मात्र होती तेवढीच राहिली.

मूल सांभाळणारे हात

पूर्वीच्या एकत्र कुटुंबात मूल सांभाळण्याचे काम प्रामुख्याने आजी आणि थोरली बहीण या दोघींवर असे. आज या दोन्ही व्यवस्था क्षीण झाल्या आहेत. कुटुंबे विभक्त झाली, काही पुण्या-मुंबईकडे वा चाकणच्या औद्योगिक पट्ट्याकडे गेली. जेथे आजी आहे तेथे तीही पुष्कळदा शेतावर राबते. थोरल्या बहिणीच्या बाबतीत घडलेला बदल स्वागतार्हच आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलामुलींचे शिक्षण हा हक्क ठरला आणि धाकट्या भावंडासाठी मुलीने घरी बसणे अमान्य झाले. परंतु ती शाळेत गेल्यावर तिच्या कडेवरचे मूल कोणाच्या कडेवर द्यावे, याचे उत्तर कायद्याने दिले नाही. ते मूल आईबरोबर बांधावर आले.

बांधावरच्या झाडाला साडीची झोळी बांधून तान्हे मूल निजविले जाते. रांगते किंवा नुकते चालू लागलेले मूल झोळीत राहत नाही, आणि खरी अडचण येथेच सुरू होते. जवळ उघडी विहीर, शेततळे, फवारणीच्या औषधांचे डबे, साप-विंचू असतात. आईला रोपांच्या ओळीत वाकून काम करायचे असते आणि दर काही क्षणांनी मान वर करून मुलाकडे पाहायचे असते. काम संथ झाले की मुकादमाचे बोल ऐकावे लागतात आणि मान वर करायची राहिली की जीव धास्तावतो. मुलावर लक्ष ठेवणे हे अखंड सावधपणाची मागणी करणारे स्वतंत्र श्रमच आहेत. परंतु घरच्या हिशेबात, मजुरीच्या दरात वा शासकीय गणनेत त्यांची नोंद होत नाही.

स्थलांतर आणि ‘कोयता’

पश्चिम भागातील कुटुंबांचे वर्ष तीन टप्प्यांत विभागलेले असते. पावसाळ्यात भाताची आवणी, भातकापणीनंतर पूर्वेच्या बागायतीत मजुरी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर बाळहिरडा गोळा करणे. या प्रत्येक टप्प्यात लहान मुलाचे ठिकाण बदलते. गावच्या अंगणवाडीत नाव असलेले मूल मजुरीच्या काळात नारायणगाव-मंचर परिसरात पालात किंवा शेतमालकाच्या वस्तीवर असते. तेथे त्याचा आहार, वजन आणि लसीकरण यांचा धागा तुटतो. मूल सहा वर्षांचे झाले की आश्रमशाळेचा मार्ग खुला होतो. पालक तो स्वीकारतात, कारण तेथे जेवण व शिक्षण असते. मात्र एवढ्या लहान वयातील ताटातूट मूल व माता या दोघांनाही जड जाते. ‘पोराच्या भल्यासाठी’ या शब्दांत ते दुःख गिळले जाते आणि म्हणूनच ते बाहेर दिसत नाही.

याच काळात बीड, अहिल्यानगर व नाशिक जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे या परिसरात येतात. पती-पत्नी मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो व उचलही त्या जोडीच्या नावे दिली जाते. या मोजणीत स्त्री अर्धी ठरते आणि मूल कोठेच नसते. पहाटेच्या अंधारात फडावर जाताना मूल कोपीत निजलेले ठेवावे की थंडीत सोबत न्यावे, हा निर्णय त्या मातेला रोज घ्यावा लागतो. दोन्हीपैकी कोणताही पर्याय सुरक्षित नसतो.

बिबट्याचे भय

या परिसरातील बालसंगोपनाला बिबट्याच्या वावराने एक वेगळे परिमाण दिले आहे. जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे तालुके येतात. उसाच्या दाट, पाणीदार फडात बिबट्याला आडोसा मिळतो आणि वस्तीवरील कुत्री, शेळ्या हे भक्ष्य जवळच असते. मादी उसातच पिल्ले देते. तोडणी सुरू झाली की हा आडोसा एकाएकी नाहीसा होतो. २००१ ते २००३ या काळात येथील हल्ल्यांनी देशाचे लक्ष वेधले. त्यानंतर विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बिबटे पकडून अन्यत्र सोडल्यानंतर माणसांवरील हल्ले कमी न होता वाढल्याचे दाखवून दिले. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात दोन मुले व एक वृद्धा बिबट्याच्या हल्ल्यांत मृत्युमुखी पडली. संतप्त नागरिकांनी मंचर येथे पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला.

लहान मुलाची उंची कमी, हालचाल अनपेक्षित आणि प्रतिकार नगण्य असल्याने त्याला धोका अधिक असतो. परिणामी उसाला लागून असलेल्या वस्त्यांवर सूर्य कलला की मुले घरात घेतली जातात. अंगणातील खेळ संपतो. शौचाला जाणे, शेजारी जाणे, शाळेतून परतणे या साध्या गोष्टींना मोठ्या माणसाची सोबत लागते. शेतीपंपांना वीज रात्री मिळते तेव्हा पती पाणी द्यायला जातो. घरात माता व मुले उरतात. बाहेर गेलेल्याची आणि आत असलेल्यांची अशी दुहेरी चिंता तिला रात्रभर जागी ठेवते.

या भयाचा संगोपनाच्या रीतीवरही परिणाम होतो. मुलाला जपण्यासाठी त्याला भीती दाखवावी लागते. धडपडून शिकण्याच्या वयात ‘बाहेर जाऊ नको’ हे वाक्य त्याच्या कानी वारंवार पडते. मूल रडते, हट्ट करते आणि दिवसभर राबून आलेली माता चिडते, प्रसंगी हात उगारते व मागाहून पस्तावते. हा राग तिच्या स्वभावातील दोष नव्हे. विश्रांती न मिळालेल्या सावधपणाचा तो परिणाम आहे.

शासकीय व्यवस्था आणि तिची मर्यादा

एकात्मिक बाल विकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली. ‘अंगणवाडी’ या कल्पनेचे मूळ मात्र महाराष्ट्रातच आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी कार्य केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात जावे, हा त्या कार्याचा गाभा होता. संस्थेने मुलाच्या दिनक्रमाशी जुळवून घ्यावे, असे हे तत्त्व होते.

आजची अंगणवाडी आहार, लसीकरण व पूर्वप्राथमिक शिक्षण यांची मोलाची सेवा देते. मात्र तिची वेळ काही तासांची असते व तेथे प्रत्यक्ष बसतात ती तीन ते सहा वर्षांची मुले. तीन वर्षांखालील मुलाला घरी नेण्याचा आहार मिळतो, सांभाळ मिळत नाही. ज्या वयात लक्ष सर्वाधिक लागते, त्याच वयासाठी व्यवस्था सर्वांत तोकडी आहे. २००५ च्या ग्रामीण रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी सहा वर्षांखालील पाच वा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. मुलांना सांभाळणे हेही मजुरीस पात्र काम आहे, हे तिने तत्त्वतः मान्य केले होते. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक झाले, पण उसाचा फड वा कांद्याचे शेत ‘आस्थापना’ ठरत नाही. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघराची कल्पना पुढे आली. या परिसराच्या दृष्टीने ती अत्यंत उपयुक्त ठरू शकते.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की जुन्नर-आंबेगावातील मातांची भीती, थकवा व अपराधभाव या वरवर व्यक्तिगत भासणाऱ्या भावनांची मुळे पिकांचे वेळापत्रक, रात्रीची वीज, मजुरीची पद्धत आणि उसात वस्तीला आलेला बिबट्या यांत आहेत. म्हणून केवळ मातांचे प्रबोधन हा त्यावरील उपाय होऊ शकत नाही. तोडणी व लागवडीच्या हंगामात कामाच्या जागेजवळ पाळणाघर, स्थलांतरित मुलाला कोणत्याही अंगणवाडीत विनासायास प्रवेश, शेतीला दिवसा वीज, वस्तीभोवती उजेड व घरालगत शौचालय या गोष्टी संगोपनाच्याच बाबी मानल्या गेल्या पाहिजेत. त्याचबरोबर पित्याचा सहभागही गृहीत धरला पाहिजे.

महाविद्यालयांनाही येथे कार्याला वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे, समाजशास्त्र व गृहविज्ञानाचे प्रकल्प यांतून गावनिहाय एक साधी नोंद करता येईल : कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती लहान मुले कोणाच्याही देखरेखीविना असतात? अशी नोंद ग्रामपंचायतीपुढे ठेवली गेली, तर ‘लक्ष कुठे होतं?’ हा प्रश्न एकट्या मातेला न विचारता गावाला, कारखान्याला आणि शासनालाही विचारता येईल.