अर्जित मूल्य व्यवस्थापन

अर्जित मूल्य व्यवस्थापन ही प्रकल्पाची व्याप्ती, वेळापत्रक आणि खर्च यांची एकत्रित मोजणी करून प्रगती तपासण्याची पद्धत आहे. इंग्रजीत तिला 'अर्न्ड व्हॅल्यू मॅनेजमेंट' म्हणतात. रस्ते, धरणे, इमारती इत्यादी बांधकामांत तिचा वापर केला जातो.

इतिहास

अमेरिकेच्या संरक्षण विभागाने १९६७ मध्ये मोठ्या करारांसाठी खर्च व वेळापत्रक नियंत्रणाचे ३५ निकष लागू केले. या पद्धतीचे आजचे रूप त्यांतून घडले. २०१८ मध्ये आयएसओ २१५०८ हे आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले.

घटक

* नियोजित मूल्य: ठरावीक तारखेपर्यंत अपेक्षित असलेल्या कामाची अंदाजपत्रकीय किंमत.
* अर्जित मूल्य: त्या तारखेपर्यंत पूर्ण झालेल्या कामाची अंदाजपत्रकीय किंमत.
* प्रत्यक्ष खर्च: पूर्ण झालेल्या कामावर झालेला खर्च.

अर्जित मूल्यास प्रत्यक्ष खर्चाने भागल्यास खर्च निर्देशांक, तर नियोजित मूल्याने भागल्यास वेळापत्रक निर्देशांक मिळतो. निर्देशांक १ पेक्षा कमी असल्यास अनुक्रमे खर्चवाढ किंवा विलंब सूचित होतो.

उदाहरण

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गवरून सोलापूर–हैदराबाद महामार्ग जातो. अशा मार्गावरील २० किलोमीटरचे काम १० महिन्यांत, समान गतीने, ४० कोटी रुपयांत करायचे आहे असे मानू. पाच महिन्यांअखेर १० किलोमीटर, म्हणजे २० कोटींचे काम अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ८ किलोमीटर झाले आणि २० कोटी खर्च झाले. केवळ खर्च पाहिल्यास काम नियोजनानुसार चालल्याचे दिसते. परंतु अर्जित मूल्य १६ कोटीच असल्याने दोन्ही निर्देशांक ०.८ येतात. हीच गती राहिल्यास एकूण खर्च ५० कोटींवर जाईल.

बांधकामातील वापर

सार्वजनिक बांधकामांत झालेल्या कामाची मापे मोजमाप पुस्तकात नोंदवून चालू देयके तयार होतात. ही मापे अर्जित मूल्य काढण्यास उपयोगी पडतात. मात्र बाबनिहाय दराच्या करारात देयकाची रक्कम कामाच्या मापावरच ठरते. त्यामुळे कंत्राटदाराचा स्वतःचा तोटा मालकाच्या हिशेबात दिसत नाही.

मर्यादा

उशिरा का होईना, काम पूर्ण झाले की वेळापत्रक निर्देशांक १ होतो आणि विलंब दिसेनासा होतो. तसेच सुधारित अंदाजपत्रक हाच नवा आधार मानल्यास जुनी तफावत पुसली जाते. विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्पाची मूळ किंमत ३७२.२२ कोटी रुपये होती. सुधारित मान्यतांनंतर ती १८ हजार कोटींच्या पुढे गेली. म्हणून मूळ अंदाजपत्रकाशी तुलना जपणे आणि भाववाढ, भूसंपादन, व्याप्तीतील बदल यांची स्वतंत्र नोंद ठेवणे आवश्यक ठरते.