विश्लेषण : पुरस्कार सोहळा सेवाभावी, मग गाण्यांचे शुल्क कशाला?

हिवाळा लागला की नागपुरातील हॉटेले, लॉन आणि सभागृहांमध्ये सामाजिक संस्थांच्या पुरस्कार सोहळ्यांची लगबग वाढते. सत्कार, भाषणे, स्नेहभोजन आणि सोबतीला गायक-वादकांची मैफल, असा साधारण बेत असतो. काम चांगले आहे, तेव्हा नियमांतून सूट मिळेल, असे अनेक आयोजक धरून चालतात. कायदा काय सांगतो?

सेवाभावी कार्यक्रमाला सूट मिळते का?

सरसकट मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलतींची यादी आहे. हौशी मंडळाने श्रोत्यांकडून पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेले सादरीकरण त्यात बसते. धार्मिक विधी, लग्नाशी निगडित समारंभ आणि केंद्र, राज्य सरकार किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेचा अधिकृत कार्यक्रमही बसतो. मानधन देऊन बोलावलेल्या कलाकाराचा, देणगी प्रवेशिकेचा सोहळा यात येत नाही. रेशीमबागेतील महापालिकेचे कविवर्य सुरेश भट सभागृह भाड्याने घेतले, म्हणून तो महापालिकेचा कार्यक्रम ठरत नाही.

कोणत्या गाण्यांना परवाना लागतो?

गीतकार आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क टिकतात. ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षाच्या आरंभापासून मोजतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे निधन १९६८ मध्ये झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचना २०२८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. सुरेश भट २००३ मध्ये गेले. त्यांच्या गझलांसाठी ही मुदत २०६३ अखेरपर्यंत आहे. तुकोबांचे अभंग सर्वांसाठी खुले आहेत, पण श्रीनिवास खळे यांनी त्यांना दिलेल्या चालींवर स्वतंत्र हक्क आहे. पारंपरिक बंदिशींना ही अडचण नाही.

शुल्क कोणाला आणि कोणी भरायचे?

प्रत्यक्ष गायन-वादनासाठी गीतकार-संगीतकारांची नोंदणीकृत संस्था ‘आयपीआरएस’ परवाना देते. मधल्या वेळेत ध्वनिमुद्रित गाणी वाजवली, तर ध्वनिमुद्रणाच्या हक्कदारांचा परवाना वेगळा लागतो. ‘पीपीएल’ आणि ‘नोव्हेक्स’ यांसारख्या कंपन्या असे परवाने देऊ शकतात, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. व्यवहारात शुल्क आयोजक भरतात. नफ्यासाठी जागा देणाऱ्यावरही जबाबदारी येऊ शकते, म्हणून हॉटेले आधीच परवाना मागतात. जाणीवपूर्वक उल्लंघन केल्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे.

हा पैसा का महत्त्वाचा?

चित्रपटासाठी मोबदला घेऊन केलेल्या गाण्याचे हक्क, वेगळा करार नसेल तर, निर्मात्याकडे जातात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला होता. २०१२ च्या दुरुस्तीने चित्र बदलले. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतील समान वाटा सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा हक्क संस्थेलाच देता येतो. या दुरुस्तीसाठी जावेद अख्तर यांनी बराच पाठपुरावा केला होता. म्हणजे नागपुरातील सोहळ्यात भरलेल्या शुल्काशी गाणे लिहिणाऱ्याच्या घराचा संबंध आहे.

मंचावरच्या कलाकाराचे हक्क कोणते?

आपल्या सादरीकरणावर त्याचा ५० वर्षे हक्क असतो. पाहुण्याने स्वतःसाठी मोबाइलवर चित्रण करणे चालते. आयोजकांना मात्र संपूर्ण मैफल यूट्यूबवर टाकायची किंवा थेट दाखवायची असेल, तर कलाकाराची संमती हवी.

मानधनावर कर लागतो का?

शास्त्रीय किंवा लोककला प्रकारातील सादरीकरणाचे मानधन दीड लाख रुपयांपर्यंत असेल, तर जीएसटी नाही. चित्रपटगीतांच्या ऑर्केस्ट्राला ही सवलत नाही. तिथे वार्षिक २० लाखांची नोंदणी मर्यादा पाहावी लागते.

रात्री दहानंतर काय?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक बंद ठेवावे लागतात. बंदिस्त सभागृह, बँक्वेट हॉल यांना आतल्या आत वापरापुरता अपवाद आहे. उघड्या लॉनला नाही. भाषणे लांबली की कात्री मैफलीच्या वेळेला लागते, ती यामुळेच.

दोन्ही बाजूंनी काय करावे?

‘चांगल्या कामासाठी आहे, थोडे कमी घ्या’ ही विनंती कलाकाराला नवी नसते. तो स्वतःचे मानधन सोडूही शकतो, पण तबलजी, की-बोर्डवादक आणि साउंडवाल्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात. म्हणून रक्कम, आगाऊ हिस्सा, उरलेले पैसे देण्याची तारीख, मंचावरची वेळ, चित्रणाची संमती आणि परवाना कोण काढणार, एवढे सहा मुद्दे आधीच लिहून घ्यावेत. साधा ई-मेलही चालतो. कलाकाराला दान करायचे असेल, तर ते त्याने स्वतः ठरवून करावे. आयोजकांनी ते गृहीत धरू नये.