मणक्यातली गॅप आणि गुडघ्याची वाटी

"डॉक्टर, माझ्या मणक्यात गॅप पडलीय," हे वाक्य अस्थिरोगतज्ज्ञ म्हणून मी जवळजवळ रोज ऐकतो. एक्स-रे पाहावा तर नेमकं उलटं! दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, ती चेपते आणि मणके जवळ येतात. म्हणजे गॅप पडलेली नसते, असलेली कमी झालेली असते. पण आपला कणा मधोमध तुटलाय, अशी पेशंटची समजूत होते. मग तो वाकणं सोडतो, चालणं सोडतो, पट्टा बांधून बसतो आणि पाठीचे स्नायू आणखी दुबळे होतात. रिपोर्टातल्या 'स्पॉन्डिलोसिस'लाही लोक असेच घाबरतात. ग्रीक भाषेत 'स्पॉन्डिलॉस' म्हणजे मणका. वयोमानानं झालेली मणक्यांची झीज, एवढाच या भारदस्त नावाचा अर्थ. काहीही न दुखणाऱ्या अनेक वयस्कर मंडळींच्या एक्स-रेतही ती दिसते.

खरा घोटाळा होतो तो जुळ्या वाटणाऱ्या नावांचा. 'ऑस्टिऑन' म्हणजे हाड, आपल्या 'अस्थि'चाच लांबचा भाऊबंद. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये सांधा झिजतो, जिना उतरताना गुडघ्यात कळ येते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये हाड आतून विरळ होतं आणि ते एरवी दुखत नाही. साध्या पडण्यानं मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हाच बहुधा त्याचा पत्ता लागतो. नावं सारखी, म्हणून कितीतरी आजी गुडघेदुखीवर वर्षानुवर्षं कॅल्शियमच्या गोळ्या घेत राहतात. त्यानं झिजलेली कूर्चा भरून येत नाही. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी मात्र राहूनच जाते. पासष्टी ओलांडलेल्या स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारून जरूर करून घ्यावी.

आपले बोलीतले शब्द कमअस्सल आहेत, असं मुळीच नाही. लॅटिनमधली 'पटेला' म्हणजे छोटी थाळी, आपण तिला वाटी म्हणतो. स्नायूला त्या लोकांनी 'छोटा उंदीर' म्हटलं, आपली पोरं दंडात बेटकुळी काढतात, तिच्यात बेडूक दडलाय! फक्त "वाटी बदलली" असं सांगतात, तेव्हा वाटी बऱ्याचदा जागच्या जागीच असते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांची झिजलेली टोकं तासून त्यांवर धातूचे भाग बसवलेले असतात.

आणि 'शीर'? रक्तवाहिनी, मज्जातंतू, स्नायूची दोरी, आपण सगळ्यांनाच शीर म्हणतो. कंबर दुखून पायात मुंग्या येतात तेव्हा बहुतेकदा दबलेला असतो तो मज्जातंतू. त्यावर तेल चोळून काही दिवस वाट पाहिली तर एरवी फारसं बिघडत नाही. पण बसायची जागा बधिर झाली, लघवी लागलेली कळेनाशी झाली किंवा अडली, तर तेलाची बाटली बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठं रुग्णालय गाठा.