भिंतीत लपलेली ओल

भंडारा जिल्ह्याला पाण्याचे वरदान आहे. वैनगंगेसारखी मोठी नदी त्यातून वाहते, गावोगावी तलाव आहेत आणि धानाच्या बांध्यांत पावसाळाभर पाणी उभे असते. परंतु जे पाणी पिकाला जीवन देते, तेच घरात मुरले म्हणजे शत्रू होऊन बसते. छप्पर गळू लागले तर ते सर्वांना दिसते. त्याखाली बादली ठेवली जाते, कवेलू फेरले जातात. भिंतीच्या पोटात शिरलेले पाणी मात्र गुपचूप आपले काम करीत राहते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस, गणेशोत्सवाच्याच दिवसांत, वैनगंगेला मोठा पूर आला. मध्य प्रदेशातील संजय सरोवराचे पाणी नदीत आले, गोसेखुर्द धरणाचे तेहतीसही दरवाजे उघडावे लागले, आणि भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत व नदीकाठच्या अनेक गावांत पाणी घुसले. असा पूर ओसरला म्हणजे लोक चिखल उपसतात, भांडी घासतात, अंथरुणे उन्हात टाकतात. पुढे ऊन पडते आणि भिंतीही कोरड्या दिसू लागतात. पण येथेच फसगत होते. भाजलेली वीट सुमारे तीन किलो वजनाची असते. ती दिवसभर पाण्यात बुडवून पुन्हा तोलून पाहावी. तिने तीनशे ते सहाशे ग्रॅम पाणी पिऊन टाकलेले आढळते. एका भिंतीत अशा कितीतरी विटा असतात! वरचा पापुद्रा वाळला तरी आतला गाभा महिनोनमहिने ओला राहू शकतो.

या ओलीचा फायदा घेते ती बुरशी. बुरशीचे बीजाणू सर्वत्र हवेत तरंगत असतात. ते इतके सूक्ष्म असतात की बहुतेकांचा आकार मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान भरतो. कोरड्या जागी ते निपचित पडून राहतात. ओल मिळाली आणि खावयास लाकूड, कागद, कापड, रंगाचा थर किंवा नुसती साचलेली धूळ मिळाली, की एक-दोन दिवसांतच त्यांना तंतू फुटू लागतात. भाकरीचा ओलसर तुकडा झाकणाच्या डब्यात चार दिवस ठेवला, तर हा चमत्कार घरीच पाहावयास मिळतो. डबा मात्र न उघडता फेकून द्यावा.

लपलेल्या ओलीची पहिली बातमी नाक देते. बंद खोली उघडताच कुबट वास आला, तर बुरशी दिसो वा न दिसो, ती जवळपास असण्याचा संभव मोठा. घरातल्या माणसांना त्या वासाची सवय होऊन जाते. म्हणून बाहेरगावाहून आलेल्या पाहुण्याला तो आधी जाणवतो. वासाचा माग काढीत कपाटाच्या पाठीमागे, पेटीखाली, भिंतीला टेकून ठेवलेल्या गाद्यांमागे आणि देवादिकांच्या तसबिरींच्या मागेही पाहावे. जेथे वारा व ऊन पोहोचत नाही, तेथेच तिचे बिऱ्हाड असते. भिंतीवर बोटाच्या पेराने टिचक्या माराव्यात. पोकळ आवाज आला, तर गिलावा सुटला आहे असे समजावे. त्याला ओल हे एक नेहमीचे कारण असते.

डाग सापडला तरी शोध अर्धाच झाला. पाणी आले कोठून, हा खरा प्रश्न होय. त्याचे उत्तर बहुधा डागाची जागा व त्याची वेळ देते. जमिनीपासून वर चढत जाऊन कमरेच्या आसपास थांबलेली ओल पायातून आलेली असते. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तद्वत विटांची व मातीची सूक्ष्म छिद्रे जमिनीतले पाणी वर ओढतात. त्या पाण्याबरोबर क्षारही येतात, आणि पाणी उडून गेल्यावर भिंतीवर पांढरी भुकटी मागे राहते. हाच लोणा. पुष्कळांना ती बुरशी वाटते. पण लोणा पाण्यात विरघळतो, बुरशी विरघळत नाही. वरून खाली उतरणारा व पावसाच्या सरीबरोबर गडद होणारा डाग छपराचा दोष सांगतो. भर वैशाखात, बाहेर जमीन भाजत असताना जो डाग ओलाच राहतो, त्याच्यामागे फुटका नळ किंवा न्हाणीचे पाणी असावे.

आणखी एक ओल भिंतीतून येतच नाही. भंडारा शहर पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. अशाच एखाद्या पितळी गडव्यात बर्फाचे पाणी भरून ठेवले, तर थोड्याच वेळात त्याच्या बाहेरून थेंब ओघळू लागतात. गडवा काही गळत नसतो. हवेतली वाफ थंड धातूवर पाणी होऊन बसते. स्वयंपाकघरातील वाफेचे थंड भिंतीवर तसेच होते. ही दोन प्रकारची ओल ओळखण्याची युक्ती अगदी सोपी आहे. वीतभर पारदर्शक प्लॅस्टिकच्या तुकड्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट चिकटवाव्यात व तो दोन दिवस तसाच ठेवावा. थेंब आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येत आहे. बाहेरच्या बाजूला जमले तर ते हवेतले आहे. पहिल्या प्रकारात दुरुस्तीवाचून गत्यंतर नाही. दुसऱ्यात खिडकी उघडल्यानेही बरेच काम भागते.

ही चौकशी भिंतीच्या शोभेसाठी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल व बुरशी यांविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांमध्ये खोकला, श्वासाचे विकार व दमा अधिक आढळतो, असे त्यात सांगितले आहे. एखाद्या मुलाचा खोकला औषध घेऊनही हटत नसेल, तर त्याच्या उशाजवळची भिंतही पाहावी. धानाच्या पोत्यांचीही तीच गोष्ट. ओल्या भिंतीला टेकलेल्या पोत्यातले बियाणे पेरणीला निकामी होते. आणि धान्यातील काही बुरश्या असे विष तयार करतात की ते शिजवल्यानेही जात नाही. जुनी माणसे पोती फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवीत, ती उगीच नव्हे.

लोकांची मोठी चूक होते ती दिवाळीच्या तोंडावर. डागावर रंगाचा हात फिरवला की घर लख्ख दिसते आणि पुरावाही पुसला जातो. पुष्कळदा मातीच्या जुन्या भिंतीला वरून सिमेंटचा गिलावा देतात. माती व चुना यांतून ओल बाहेर पडू शकते. सिमेंटच्या थरामागे ती कोंडली जाते आणि भिंत आतून भुसभुशीत होते. यास्तव आधी पाण्याची वाट बंद करावी, मग भिंत पूर्ण वाळू द्यावी आणि शेवटी रंग काढावा. बुरशी कोरडी खरवडू नये, कारण तिचे बीजाणू सगळ्या खोलीभर उडतात. मोठ्या माणसाने नाकातोंडावर मुखपट्टी बांधून, दारेखिडक्या उघडून, ती साबणाच्या पाण्याने ओली करून पुसावी.

मुलांना करण्यासारखे एक काम उरते. डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढावी व तिच्याजवळ तारीख लिहावी. पंधरा दिवसांनी पुन्हा पाहावे. डाग रेघेच्या आतच राहिला असेल, तर दुरुस्ती लागू पडली. तो रेघ ओलांडून पुढे सरकला असेल, तर पाणी अजून येत आहे.