पाहुणे आले, मनी कुठे गेली?

गणपतीचे दिवस. मुलुंड-बोरिवलीच्या इमारतीतल्या तुमच्या घराचे दार सतत उघडे, आरतीला झांजांचा गजर आणि मनी कपाटामागे. ती रुसली असे समजू नका. आपल्याला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो, मांजराला ६० हजारांच्याही पुढचा! झांजांमधले जे उच्च ध्वनी आपल्याला ऐकूच येत नाहीत, तेही तिच्या कानांवर आदळतात. म्हणून ती अंधाऱ्या, अरुंद जागी दडते. पाहुण्यांना दाखवायला तिला ओढून काढलेत, तर ती ओरबाडेल आणि जिन्यात किंवा गॅलरीच्या कठड्यावर पळेल. मांजर पडताना हवेत वळून पायांवर उतरते. फ्रेंच शास्त्रज्ञ मारे यांनी १८९४ मध्ये याची छायाचित्रेच घेतली. पण चौथ्या मजल्यावरून पडल्यास पायांवर उतरूनही जबडा फुटतो, छातीला मार बसतो.

तेव्हा पाहुण्यांआधीच तिला आतल्या खोलीत ठेवा. खाणे, पाणी, मातीचे घमेले आणि दडायला एक खोके द्या. दारावर चिठ्ठी लावा. लहान भावंडे दार उघडतातच!

पुष्पगुच्छात लिली असेल, तर तो घराबाहेरच बरा. अंगावर पडलेले तिचे परागकण नुसते चाटले, तरी मांजराची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. तसे घडल्यास लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्य गाठा.